ताप आणि पुरळ, एवढंच कळवायचं होतं

10 नोव्हेंबर 2022, गुरुवार. माझ्या रजिस्टरमध्ये त्या संध्याकाळच्या पानावर 31 नावं आहेत. सातव्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘ताप तीन दिवस, सर्दी, खोकला, डोळे लाल, अंगावर पुरळ. व्हायरल.’ वय एक वर्ष दोन महिने. पॅरासिटामॉलचं सिरप दिलं, पातळ खायला द्या म्हटलं आणि दोन दिवसांनी दाखवायला सांगितलं. नंतर ते पान मी किती वेळा उघडलं असेल त्याचा हिशेब नाही.

कळवा पूर्वेला डोंगराची चढण सुरू होते तिथे माझा दवाखाना आहे. वर भास्कर नगर, पौंडपाडा, वाघोबा नगर. पत्र्याची घरं, चाळी, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल अशा गल्ल्या. मराठवाडा, खानदेश, उत्तर प्रदेश, सगळीकडची कुटुंबं. पुरुष बिगारीवर नाहीतर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांत कंत्राटावर, बायका घरकामाला. 1999 पासून मी इथेच बसते. एक गाळा, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, आत माझं टेबल आणि तपासायचा पलंग, बाहेर भिंतीला लागून दोन बाकडी. संध्याकाळी सहा ते साडेनऊ ती बाकडी भरलेली असतात.

त्या दिवशी ते मूल घेऊन आलेली आई बीडकडची. “मॅडम, लेकराच्या अंगावर फुटलंय. सासूबाई म्हणत्यात गोवर हाय, दवाखान्यात नेऊ नको. पण ताप लईच चढला, म्हणून आले.”

मी त्याला पलंगावर घेतलं. कानामागे, कपाळावर, गालांवर लालसर पुरळ होतं, छातीवर उतरायला लागलेलं. पाण्याचे फोड नव्हते. डोळे लाल, पापण्या चिकटलेल्या, नाक वाहत होतं. टॉर्च घेऊन तोंडात बघितलं. गोवरात गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, लाल जागेवर मिठाचे कण सांडल्यासारखे पांढुरके ठिपके दिसतात, त्यांना कॉपलिकचे डाग म्हणतात. ते दिसले नाहीत. “नऊ महिन्यांचा डोस झालाय का?” म्हणून विचारलं. “तवा गावाला हुतो, पेरणीला. कार्ड बी तिकडंच राह्यलं.”

एवढं सगळं समोर असताना मी ‘व्हायरल’ लिहिलं. मुंबईतल्या गोवंडीच्या मुलांना गोवर झाल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात नुकत्या यायला लागल्या होत्या. पण गोवर मी शेवटचा इतका सरळ कधी बघितला होता ते मला आठवत नव्हतं. शिकाऊ असताना वॉर्डात पाहिलेला, मग हळूहळू दिसेनासा झालेला. नोव्हेंबर 2018 मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम राज्यात झाली होती, तेव्हा आमच्या इथल्या शाळांतूनही मुलांना सुया दिल्या होत्या. त्यामुळे हा आजार आता गेल्यातच जमा आहे असं माझ्या मनाने धरलं होतं. कोविडची दोन वर्षं मध्ये गेली, लसीकरणाची सत्रं चुकली, कुटुंबं गावी गेली आणि परत आली. नेमकी त्या काळात जन्मलेली मुलं माझ्या बाकड्यावर बसत होती आणि मी जुन्याच हिशेबाने चालले होते.

आणखी एक कारण होतं, आणि तेच खरं कारण. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की खात्री झाल्यावरच महापालिकेला कळवायचं. गोवर म्हणून कळवलं, महापालिकेची माणसं डोंगर चढून आली, पोराचं रक्त काढलं आणि शेवटी निघालं भलतंच, तर? त्या आईला उगीच त्रास. आणि आपलं निदान चुकलं हे चारचौघांत झालं. म्हणून मी खात्रीची वाट बघत थांबले.

ते मूल आत येण्याआधी चाळीस मिनिटं बाहेर बाकड्यावर आईच्या मांडीवर होतं. खोकत होतं.

23 तारखेला चार वर्षांची एक मुलगी आली, ताप आणि पुरळ. रात्री दवाखाना बंद करायच्या वेळेला तिच्याच गल्लीतला दोन वर्षांचा मुलगा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ महिन्यांची एक तान्ही मुलगी. तिला ताप 103, छाती भाते ओढल्यासारखी वरखाली होत होती, आणि पुरळ मानेपर्यंत आलेलं. तिच्या आईचा चेहरा बघून मला कसंतरी झालं, कारण ती अलीकडेच येऊन गेली होती. रजिस्टर मागे मागे उलटत गेले. 10 नोव्हेंबर, नाव नववं. तान्हीला साधी सर्दी होती म्हणून आणलं होतं. चार वर्षांची मुलगी त्याच पानावर अकरावी, आजीचं बीपी बघायला आजीसोबत आलेली. नाव आजीचं होतं, पण नात बाकड्यावर उभी राहून भिंतीवरचं कॅलेंडर ओढत होती हे मला लख्ख आठवलं. आणि तान्हीच्या आईने सरकून बीडच्या त्या बाईला जागा करून दिली होती.

गोवराचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण दहा दिवस लागतात, पुरळ उठायला चौदा. 10 ते 24. बोटांवर मोजलं तरी हिशेब जुळत होता. गोवराचं मूल एखाद्या खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहतो. लस न मिळालेली दहा मुलं जवळ असली तर त्यातल्या नऊ जणांना तो लागतो. आठ महिन्यांच्या मुलीला तर लस मिळायचीच नव्हती, पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो. तिच्या भोवतीची मोठी मुलं सुरक्षित असतील तरच ती सुरक्षित, असा हा आजार. आणि तिच्या शेजारी ते मूल माझ्या दवाखान्यात बसलं होतं.

तिला तिथूनच रिक्षात घालून कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात पाठवलं. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘संशयित गोवर. इतर मुलांपासून वेगळे ठेवावे.’ तिच्या आईला म्हटलं, केसपेपर काढायच्या रांगेत उभी राहू नकोस, आधी शिपायाला ही चिठ्ठी दाखव.

मग टेबलावरची काच उचलली. काचेखाली नागरी आरोग्य केंद्राचा कागद होता. कितीतरी महिन्यांपूर्वी एक सिस्टर येऊन देऊन गेली होती, मी सही करून घेतला होता आणि कॅलेंडरच्या पानाखाली सरकवला होता. लस देऊन टाळता येणाऱ्या आजारांची त्यावर यादी होती. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर कळवा, घशात पांढरट पापुद्रा दिसला तर कळवा, दोन आठवड्यांवर खोकला आणि उलटी असेल तर कळवा. आणि तिसऱ्या ओळीत: ताप आणि पाण्याचे फोड नसलेलं पुरळ, कोणत्याही वयात, संशयित गोवर-रुबेला (रुबेला म्हणजे गोवरासारखंच पुरळ आणणारा दुसरा आजार) समजून कळवा. कॉपलिकचा कुठे उल्लेख नाही. लाल डोळ्यांची अट नाही. ‘खात्री झाल्यावर’ असा शब्द नाही. ताप आणि पुरळ, बस. खाली फोन नंबर.

फोन केला तेव्हा हात थरथरत होता. मी चौदा दिवसांपूर्वीची गोष्टही सांगितली, लपवली नाही. पलीकडच्या एमओ मॅडम, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी, माझ्याहून वयाने बऱ्याच लहान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “पुरळ कोणत्या तारखेला उठलं, प्रत्येकाचं वेगवेगळं सांगा.” दोष देणारं एक अक्षरही बोलल्या नाहीत. दुपारी अडीचला त्या, एक एएनएम सिस्टर आणि दोन आशाताई माझ्या दवाखान्यात हजर होत्या.

त्यानंतर जे झालं ते मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. मॅडमनी एक लांबलचक तक्ता काढला, त्याला त्या लाइन लिस्ट म्हणत. नाव, वय, पत्ता, पुरळ उठल्याची तारीख, लसीचे डोस किती आणि कधी, पुरळ उठण्याआधीच्या सात ते एकवीस दिवसांत कुठे गेला होता, घरी कोण पाहुणे आले होते, पुरळ उठायच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस कोणाकोणाच्या संपर्कात होता. गोवर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून लागतो. म्हणजे घरच्यांना नुसती सर्दी वाटत असते त्या दिवसांतही. ही चार दिवसांची गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, पण गल्लीचं नाव, नळाचं नाव, अंगणवाडीचं नाव घेऊन कोणी विचारायला लागलं तेव्हा ती खरी कळली.

मग आम्ही चढलो. चार वर्षांच्या मुलीच्या घरी सिस्टरनी रक्त घेतलं. मी पोरीचा हात धरला होता. सिस्टर आधी तिच्याशी बोलत बसल्या, बांगड्या कुठून घेतल्या, कोणी घेतल्या. दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या वळणात बोटाने शीर चाचपून बघितली, सुई गेली तेव्हा पोरगी ओरडण्याच्या आधीच दोन मिलीलीटर रक्त आलं होतं. साध्या ट्यूबमध्ये कडेकडेने सोडलं, फेस होऊ दिला नाही. ट्यूब हलवली नाही, ओट्यावर वाटीत उभी ठेवली, रक्त गोठू द्यायला. घरातल्या घड्याळाकडे बघून वेळ लिहिली. मग ती व्हॅक्सिन कॅरियरमध्ये, म्हणजे लस थंड ठेवायच्या डब्यात, पण बर्फाच्या पॅकला चिकटणार नाही अशी, मध्ये कापड घालून ठेवली. अशी दोन-तीन मुलांची रक्तं घेतली. मॅडम म्हणाल्या, उद्रेक आहे असं सिद्ध झालं की मग प्रत्येकाला टोचायची गरज उरत नाही, संपर्काचा धागा जुळला की तेवढ्यावर केस धरतात.

नंतर जीवनसत्त्व अ. पिवळसर, तेलकट औषध, बाटलीसोबत प्लास्टिकचा चमचा येतो. पूर्ण चमचा दोन मिलीलीटर, मध्ये एक रेघ असते तिथपर्यंत एक मिलीलीटर. एका मिलीलीटरमध्ये एक लाख युनिट. सहा ते अकरा महिन्यांच्या मुलाला रेघेपर्यंत, एक वर्षाच्या वर भरून चमचा, सहा महिन्यांच्या आत रेघेच्याही निम्मं. आज एकदा, उद्या पुन्हा तेवढंच. गोवर अंगातलं जीवनसत्त्व अ ओढून घेतो, त्याने डोळ्यांची बुबुळं खराब होतात, न्यूमोनिया आणि जुलाब बळावतात. कुपोषित मुलात तर फारच. हे औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं, आणि 23 वर्षांत मी ते एकाही गोवराच्या किंवा ‘व्हायरल’ लिहिलेल्या मुलाला दिलेलं नव्हतं. माझ्याकडे आठवणीत असलेल्या सगळ्या उपचारांत सर्वात स्वस्त, सर्वात सोपा, आणि मीच तो विसरले होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

संध्याकाळी बीडच्या बाईचं घर शोधत गेलो. तो मुलगा उठून बसला होता, अंगावरचं पुरळ तपकिरी पडून कोंडा निघत होता. मधल्या काळात जुलाबाने बेजार झाला होता, पण पुन्हा माझ्याकडे आणला नव्हता. दाराला कडुलिंबाचा पाला. सासूबाई दारातच आडव्या बसलेल्या. घरात फोडणी नव्हती, पोराला आंघोळ नव्हती, तेल-तिखट बंद, परक्याची सावली नको. आशाताई पुढे होऊन बोलायला लागल्या तसं त्यांनी तोंड फिरवलं.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. म्हटलं, “आजी, तुम्ही ओळखलं होतं. मी नाही ओळखलं.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझी दोन गेली ह्याच्यात. लातूरला. मला कळत न्हाई व्हय?”

पुढचा अर्धा तास त्या बोलत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. पाला राहू दे, म्हटलं. पण पोराला भाताची पेज, डाळ, अंडं चालत असेल तर अंडं द्या, तेल घाला, अंग कोमट पाण्याने पुसा. आईचं दूध बंद करू नका. हे औषध आत्ता एक चमचा आणि उद्या एक. त्यांनी स्वतः पोराला मांडीवर घेतलं आणि चमचा त्याच्या तोंडात रिकामा होईपर्यंत धरून ठेवला. मग सुनेला म्हणाल्या, “त्या वरल्या अंगाच्या चाळीत बी दोन घरं हायती. फुटलंय. कुणी बोलंना.” मॅडमनी तक्त्यावर दोन नवीन ओळी आखल्या.

गोवराची खबर आमच्या वस्तीत सगळ्यात आधी कोणाला लागते, तर घरातल्या म्हाताऱ्या बाईला. तिने गोवर पाहिलेला असतो, पोरं गमावलेली असतात. तिला अडाणी ठरवून आपण दाराबाहेरच उभे राहतो. नंतरच्या दोन महिन्यांत त्या आजींनी आशाताईंना सात घरं दाखवली.

डिसेंबरच्या सुरुवातीला मॅडमनी आमच्या भागातल्या खाजगी डॉक्टरांना बोलावलं. ॲलोपॅथीचे, आयुर्वेदाचे, होमिओपॅथीचे, सगळे. तोवर मुंबई, भिवंडी, मालेगाव करत गोवर ठाण्यात, नवी मुंबईत पसरला होता, राज्याने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं होतं. बैठकीत मी उभी राहिले आणि 10 तारखेचं पान वाचून दाखवलं. मला ते करायचंच होतं. खोलीत शांतता झाली आणि मग मागून एक वयस्कर डॉक्टर म्हणाले, माझ्याकडेही अशा दोन आहेत. मग आणखी एक जण बोलले.

त्या बैठकीत तीन गोष्टी माझ्या डोक्यात खिळ्यासारख्या बसल्या. कॉपलिकचे डाग पुरळाच्या आधी येतात आणि पुरळ उठल्यावर एक-दोन दिवसांत जातात, त्यामुळे पुरळ घेऊन आलेल्या मुलात ते न दिसणं म्हणजे गोवर नाही असं नव्हे. दुसरी, पुरळ उठल्याच्या पहिल्या तीन दिवसांत रक्तातली आयजीएम चाचणी (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं शोधणारी) गोवर असूनही निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून एका निगेटिव्हवर निश्चिंत व्हायचं नाही. रक्त 28 दिवसांपर्यंत घेता येतं. तिसरी गोष्ट ऐकून तर मी वहीत दोनदा अधोरेखा मारली. आजारावरची पाळत, म्हणजे रुग्ण शोधून कळवायचं काम, चांगली चालली आहे की नाही हे कसं मोजतात? तपासून शेवटी गोवरही नाही आणि रुबेलाही नाही असं निघालेल्या ताप-पुरळाच्या केस लाखामागे वर्षाला किमान दोन तरी असल्या पाहिजेत. त्याहून कमी असतील तर त्या भागातले डॉक्टर नीट शोधत नाहीत असा अर्थ. म्हणजे ज्या चुकीची मला लाज वाटत होती, ती चूक व्यवस्थेला हवीच होती. मी कळवलं असतं आणि ते गोवर नसतं निघालं, तरी ते काम म्हणून मोजलं गेलं असतं.

हे मला 1999 मध्ये कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बाकी सूचनाही होत्या. ताप उतरावा म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ नका. आमच्याकडे हा प्रघात आहे, पेशंटला लगेच हुशारी वाटते म्हणून दिलं जातं, आणि गोवरात ते घातक ठरू शकतं. जिवाणूंचा संसर्ग दिसत नसेल तर अँटिबायोटिक नको. श्वास जलद, छाती आत ओढली जाणं, दूध-पाणी न घेणं, झटके, गुंगी, तोंडात जखमा, डोळा धुरकट, कान वाहणं, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. पुरळ उठल्यापासून चार दिवस मूल घरात. आणि गोवर बरा झाल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिने, मुलाची प्रतिकारशक्ती खाली राहते, म्हणून साध्या खोकल्यालाही आईने आम्ही बोलवायची वाट न बघता मुलाला घेऊन यावं.

दवाखान्यात परत येऊन मी आधी बाकडी हलवली. एक बाकडं बाहेर गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली. दारावर पाटी लावली, ‘ताप आणि अंगावर पुरळ असेल तर आत बसू नका, बाहेरून हाक मारा.’ मराठीत, हिंदीत, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी कंपाउंडरने एक चित्र काढलं, लाल ठिपक्यांचं मूल. तो पंधरा वर्षं माझ्याकडे आहे, त्याला आता दारातच विचारायची सवय झालीय, “ताप? अंगावर काही?” असं मूल आलं की मी बाहेर जाऊन तपासते, मास्क लावून. मागची खिडकी वर्षानुवर्षं बंद होती, फाइली ठेवलेल्या. ती उघडली आणि वर हवा बाहेर टाकणारा पंखा बसवला. यात फार खर्च झाला नाही.

लसीचं सत्र आधी सकाळी दहाला अंगणवाडीत असायचं. दहाला डोंगरावर पाणी येतं. पाणी सोडून कुठलीच आई येणार नाही. दोन दिवस सिस्टर बसून बसून परत गेल्या, तेव्हा मी आणि आशाताईंनी मॅडमना सांगितलं आणि वेळ दुपारी दीडची झाली. गर्दी लोटली. त्या वर्षी नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आधीचे डोस झालेले असले तरी एक जादा डोस, आणि जिथे नऊ महिन्यांखालची मुलं जास्त आजारी पडत होती तिथे सहा महिन्यांपासून एक शून्य डोस, म्हणजे नेहमीच्या दोन डोसांत न मोजला जाणारा आधीचा डोस, असं ठरलं होतं. सहा महिन्यांचा डोस झाला तरी पुढचे दोन, नऊ महिन्यांचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांचा, सोडायचे नाहीत, हे प्रत्येक आईला मी तोंडाने सांगायचे आणि कार्डावर लाल पेनाने तारीख घालायचे. कुपीत पाणी मिसळलं की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. सिस्टर कुपीवर वेळ लिहीत. पण लस वाया जाईल म्हणून एकट्या आलेल्या मुलाला परत पाठवायचं नाही, एक मूल असलं तरी कुपी फोडायची, असा नियम आहे. हा नियम मला फार आवडला.

आठ महिन्यांची ती मुलगी अकरा दिवस रुग्णालयात होती, त्यातले चार ऑक्सिजनवर. मी दोनदा जाऊन आले. काचेपलीकडून बघितलं. तिच्या आईला मी सांगितलं की हे माझ्या दवाखान्यातून लागलं असावं. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर महिन्याभराने ती मुलीला घेऊन आली, वजन करायला. सहा किलो दोनशे. नऊ महिन्यांचा डोस द्यायचा का म्हणून विचारत होती, गोवर तर होऊन गेला. द्यायचा, म्हटलं, गोवर झाला तरी लस चुकवायची नाही, त्यात रुबेलाही आहे. मी स्वतः तिच्याबरोबर अंगणवाडीपर्यंत चढून गेले.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी अकराच्या आत मी आरोग्य केंद्राला आठवड्याचा आकडा पाठवते. काही नसेल तर ‘निरंक’. निरंक हा शब्द मी आधी कंटाळून लिहायचे, कधी लिहायचेही नाही. आता रजिस्टर उघडून, सात दिवसांची पानं बोट फिरवून वाचून मगच लिहिते. टीबीचे रुग्ण मी निक्षय या सरकारी पोर्टलवर आधीही नोंदवत होते, टीबीचा रुग्ण कळवणं 2012 पासून बंधनकारक आहे. पण पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून आलेल्या तापाच्या माणसाला लेप्टोच्या संशयावर कळवणं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या डेंगीच्या संशयाला एनएस1 एलायझा या रक्तचाचणीसाठी पाठवणं, हे मी त्याच सवयीने करायला लागले. पक्कं होईपर्यंत थांबत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये सहा वर्षांची एक मुलगी आली. ताप दोन दिवस, पोटावर आणि पाठीवर बारीक पुरळ, डोळे स्वच्छ, खोकला नाही, दोन्ही डोस झालेले, कार्ड सोबत. मला गोवर वाटतच नव्हता. तिला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं, तिथेच तपासलं आणि आत येऊन फोन केला. पाचव्या दिवशी सिस्टर आल्या, रक्त घेऊन गेल्या. काही दिवसांनी त्यांचा फोन आला.

“मॅडम, गोवर निगेटिव्ह, रुबेला निगेटिव्ह.”

मी रजिस्टर ओढून तिच्या नावापुढे ते लिहिलं.

“आणखी कोणी आहे का?” त्यांनी विचारलं.

“वाघोबा नगरला एक आहे म्हणतात आजी. दुपारी वर जाते, बघून सांगते.”